पुढची बॅटिंग वीस मिनिटांत येते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की मुलगा ११ वर्षांचा, न्यू जर्सीत लिटल लीगचं, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल लीगचं, तिसरं वर्ष, घरामागे बाबांनी टाकलेले बॉल सणसणीत मारतो पण मॅचमध्ये बॅट खांद्यावर घेऊन नुसता उभा राहतो, आऊट झाला की डगआऊटमध्ये, म्हणजे टीमच्या बाकांवर, रडतो, हात जोरात आहे म्हणून कोच पिचिंगला, म्हणजे बॅटरला बॉल टाकायला, लावतात, एका ट्रॅव्हल टीमने (लीगबाहेर, ठिकठिकाणी टूर्नामेंट खेळत फिरणारी टीम) वर्षभरासाठी बोलावलंय, मिस्टर रोज संध्याकाळी त्याच्याकडून शंभरेक बॉल टाकून घेतात, आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत तुम्ही लिहिलंय की "कधीकधी कोपर दुखतं म्हणतो पण लगेच बरं होतं". मी इथे १६ वर्षं मुलांना कोचिंग करतोय, टी-बॉलच्या, म्हणजे खुंटीवर ठेवलेला बॉल मारणाऱ्या, चिमुरड्यांपासून ते १२ वर्षांपर्यंतच्या, आणि तुमच्या प्रश्नातली ती शेवटची ओळच मी आधी घेणार आहे.

कोपर दुखतंय ना, मग आजपासून बॉल टाकणं बंद. कोचला सांगा, मिस्टरांना सांगा, आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या, शक्यतो मुलांची हाडं बघणारे ऑर्थोपेडिक असतील तर उत्तम. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं मैदानावर उभा राहून एवढं पक्कं कळलंय की ११ वर्षांचं मूल स्वतःहून "दुखतंय" म्हणालं तर ते दोन आठवडे आधीपासून दुखत असतं. या वयात हाड अजून वाढत असतं. कोपराच्या आतल्या बाजूला जो टणक उंचवटा हाताला लागतो तिथे हाडाच्या दोन भागांमध्ये कूर्चेचा पट्टा असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात, आणि जोरात बॉल टाकताना मोठ्या माणसाचं लिगामेंट जिथे ताणलं जातं तिथे लहान मुलाचा हा पट्टा खेचला जातो, कारण तिथे सगळ्यात कच्चा तोच असतो. या दुखण्याला इथे चक्क लिटल लीग एल्बो असंच नाव पडलंय. वेळेवर लक्षात आलं तर बहुतेक वेळा विश्रांतीने बरं होतं, तसंच रेटत राहिलं तर हाडाचा तुकडा सुटूनही येऊ शकतो.

माझ्याच टीममध्ये एक मुलगा होता, तुमच्या मुलाच्याच वयाचा, हात असा की बॉल कॅचरच्या (आपल्याकडच्या विकेटकीपरसारखा) ग्लव्हमध्ये पडला की आवाजाने पलीकडच्या मैदानावरचे लोक वळून बघायचे. शनिवारी तो आमच्याकडे पिचिंग करायचा, मी क्लिकर घेऊन एकेक बॉल मोजायचो आणि ६० च्या आसपास काढून घ्यायचो, मनात समाधान की बघा आपण किती जपतो. रविवारी तो एका ट्रॅव्हल टीमकडून टाकायचा, तिथले कोचही मोजत होते, त्यांचाही आकडा नियमातच बसत होता. दोघांचे आकडे कुणी एकत्र लिहिलेच नाहीत. मे महिन्यात एका मॅचमध्ये मला दिसलं की प्रत्येक बॉल टाकल्यावर तो कोपर पँटला घासतोय, अगदी हळूच, कुणाला दिसू नये असं. मी मैदानात जाऊन विचारलं तर "आय ॲम फाइन कोच". त्याच्या पुढच्या बॉलला कोपर खांद्याच्या खाली आलं आणि बॉल कॅचरच्या डोक्यावरून गेला. एक्सरेमध्ये निघायचं ते निघालं, त्याचा तो अख्खा सीझन गेला. ती चूक माझीही होती, मी शनिवारचा हिशेब ठेवला आणि त्या हाताचा ठेवलाच नाही. तेव्हापासून माझ्या टीममधल्या प्रत्येक पिचरच्या आईवडिलांकडे एक छोटी वही असते, कुठेही, कुणासाठीही, घरामागेसुद्धा जोर लावून टाकलेला प्रत्येक बॉल त्यात जातो. ती तुम्ही आजच सुरू करा, आणि मिस्टरांसोबतचे ते रोजचे शंभर त्यात आधी लिहा म्हणजे आकडा बघूनच कळेल.

नियम काय सांगतो तेही लिहितो, कारण कितीतरी पालकांना तो माहीतच नसतो आणि सगळं कोचवर सोडलेलं असतं. लिटल लीगने २००७ पासून बॉल मोजायचा नियम आणला. ७-८ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, ही वरची मर्यादा आहे, टार्गेट नाही हे कृपया घरात मोठ्याने वाचून दाखवा. मग विश्रांती: २० पर्यंत टाकले तर सुट्टी लागत नाही, २१ ते ३५ टाकले तर १ दिवस, ३६ ते ५० ला २ दिवस, ५१ ते ६५ ला ३, आणि ६६ किंवा जास्त झाले की पूर्ण ४ दिवस. शिवाय ज्याने ४१ किंवा जास्त बॉल टाकलेत त्याला त्या दिवशी कॅचर म्हणून बसवता येत नाही, कारण कॅचरसुद्धा दर बॉलला परत फेकत असतो आणि तो हात मोजायला कुणी नसतं. आता बघा, या हिशेबाने तुमचा मुलगा रोज १०० टाकतोय म्हणजे तो दररोज ११ वर्षांच्या मॅचची मर्यादा ओलांडतोय आणि सुट्टी शून्य. मिस्टरांच्या मनात फक्त प्रेम आहे हे मला दिसतंय, आपल्याकडे मेहनत म्हणजे रोज, न चुकता, घाम निघेपर्यंत अशीच व्याख्या आहे आणि गणितात, तबल्यात ती चालतेही. पण खांदा आणि कोपर रियाजाने वाढत नाहीत, झीज भरून काढायला त्यांना रिकामे दिवस लागतात.

वर्षभराच्या ट्रॅव्हल टीमबद्दल. मेजर लीग (इथली मोठ्यांची व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून २०१४ मध्ये पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात या वयाच्या मुलांना वर्षातून किमान ४ महिने बॉल फेकण्यापासून पूर्ण सुट्टी सांगितलीय आणि त्यातले २-३ महिने सलग. अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने लहान पिचर्सना १० वर्षं पाठपुरावा करून बघितलं आणि २०११ मध्ये छापलं की वर्षात १०० पेक्षा जास्त इनिंग टाकणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता साडेतीन पट. जॉन स्मोल्ट्झ २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला, टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे कोपराचं फाटलेलं लिगामेंट बदलायचं ऑपरेशन, होऊन तिथवर पोचलेला तो पहिला पिचर, आणि त्याने स्वतःच्या सत्काराच्या भाषणातला वेळ खर्च करून पालकांना सांगितलं की बेसबॉल हा बारमाही खेळ नाही, मुलांना बाकीचेही खेळ खेळू द्या. ही सर्जरी १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केली, म्हणजे दुखापतीने करिअर संपायची वेळ आलेल्या मोठ्या माणसाला वाचवायला, आणि आज त्या टेबलावर हायस्कूलची पोरं जातात. मी ट्रॅव्हल बॉलच्या विरोधात नाही, चांगले कोच तिथे आहेत, पण हो म्हणायच्या आधी त्यांना विचारा की टीममध्ये पिचिंग करणारी मुलं किती, शनिवार-रविवारच्या टूर्नामेंटमध्ये एकाच मुलाला दोन्ही दिवस टाकायला लावतात का, आमच्या लीगच्या कोचशी आकडे शेअर करणार का, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो बास्केटबॉल खेळला तर त्याची जागा जाईल का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर गुळमुळीत आलं तर नमस्कार करून निघून या.

आणि कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळणारा बॉल, नको. कोणी यूट्यूबवर दाखवला, कोणी मित्राने शिकवला, तरी सध्या नको. फास्टबॉल नीट जागेवर पडणं आणि चेंजअप, म्हणजे बॉल बोटांवर न धरता तळहातात खोल धरायचा आणि हात तेवढ्याच जोरात आणायचा की बॉल आपोआप हळू जातो, एवढ्या दोन गोष्टींवर १२ वर्षांपर्यंत व्यवस्थित भागतं. दमल्याची चिन्हं तुम्ही स्टँडमधूनही ओळखू शकता, सगळे बॉल वर जायला लागतात, कोपर खाली येतं, दोन बॉलमधला वेळ वाढतो, मूल हात झटकतं. हे दिसलं की आकडा ३० असला तरी बास.

आता मनाचं, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न, मॅचमध्ये तो नुसता उभा राहतो आणि आऊट झाला की रडतो त्याचं.

मी सांगलीचा, शाळेच्या ग्राउंडवर क्रिकेट खेळून वाढलेला. तिथे पहिल्या बॉलला आऊट झालं की उरलेला दिवस झाडाखाली बसून दुसऱ्यांची बॅटिंग बघायची आणि घरी गेल्यावर "विकेट फेकून आलास" हे ऐकायचं. आपल्या सगळ्यांच्या हाडात हे मुरलंय. आऊट होणं म्हणजे गुन्हा, विकेट सांभाळ, बॉल बघ मग खेळ, बाहेरचा सोड. इथल्या आपल्या मराठी बाबा लोकांना मी वर्षानुवर्षं बघतोय, उत्तम क्रिकेट खेळलेले, मुलासाठी जीव टाकणारे, आणि ते नकळत हाच धसका मुलाच्या हातात बॅटबरोबर देतात. बेसबॉल हा मुळातच वेगळ्या हिशेबाचा खेळ आहे. लिटल लीगची मॅच ६ इनिंगची, मूल त्यात दोनदा-तीनदा, कधी चारदा बॅटिंगला येतं. आऊट झाला? वीस-पंचवीस मिनिटांत पुन्हा येणार. टेड विल्यम्स या जुन्या दिग्गज बॅटरची १९४१ मध्ये सरासरी .४०६ होती, म्हणजे १० पैकी साधारण ४ वेळा हिट, आजही लोक तो सीझन डोक्यावर घेतात, आणि त्या हिशेबात १० पैकी जवळजवळ ६ वेळा त्याला हिट मिळालेला नाही. अर्थात हे वाक्य रडणाऱ्या मुलाला सांगून काही होत नाही, मी सांगून बघितलंय, ते अजून जोरात रडतं. हे आईबाबांनी समजून घ्यायचं असतं, कारण मूल रडतं ते बहुतेक वेळा आऊट झालं म्हणून नाही तर आऊट झाल्यावर त्याची नजर आधी स्टँडकडे जाते आणि तिथे बाबांचा चेहरा असतो म्हणून.

तो मॅचमध्ये उभाच का राहतो याची दोन कारणं मला वाटतात आणि दोन्हींना उपाय आहे.

पहिलं सरळ वेळेचं आहे. लिटल लीगमध्ये पिचर ४६ फुटांवर असतो. त्या अंतरावरून ताशी ६० मैलांचा बॉल साधारण अर्ध्या सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅटरपाशी, पोचतो. मिस्टर घरामागे तेवढ्याच लांबून, प्रेमाने, छान गोलाई देऊन टाकत असतील, तो बॉल येईपर्यंत पोराला सगळा विचार करायला वेळ मिळतो म्हणून तो सणसणीत मारतो, आणि मॅचमध्ये तीच वेळ निम्मी होते. तर मिस्टरांना सांगा लांबून जोरात टाकायची गरज नाही, जवळ या. ३० फुटांवरून ताशी ४० मैलांनी टाकलेला बॉल मुलाला जवळपास मॅचएवढाच वेळ देतो. फक्त टाकणाऱ्याच्या समोर, त्याला बॉल लागू नये म्हणून, एल आकाराची जाळी हवी, तिच्याशिवाय अजिबात नाही, आणि सुरुवातीला टेनिस बॉल किंवा मऊ फोमचे बॉल घ्या. पहिले १५-२० बॉल मारायचेच नाहीत, बॅट घेऊन नेहमीसारखं उभं राहायचं, पाय टाकायचा आणि बॉल पोचायच्या आत मोठ्याने "हो" किंवा "नाही" ओरडायचं. दोन आठवडे हे करा, डोळ्यांना सवय होते.

दुसरं कारण निर्णयाच्या दिशेचं आहे आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. क्रिकेटमधून आलेलं डोकं म्हणतं "बघू, चांगला असेल तर मारू". बेसबॉलमध्ये असं म्हणेपर्यंत बॉल ग्लव्हमध्ये जातो. इथे उलटं करायचं, पिचरने पाय उचलला की आपण मनात "मारतोय" म्हणायचं, वजन थोडं मागे, पुढचा पाय हलका, सगळं शरीर निघालेलं, आणि बॉल वाईट दिसला तरच थांबायचं. निघालेलं शरीर थांबवता येतं, थांबलेलं शरीर एवढ्या वेळात काढता येत नाही. आणि दोन स्ट्राइक झाल्यावर (मारण्याजोगा बॉल सोडला किंवा हुकला की स्ट्राइक, तीन झाले की आऊट) तर बॅट एक इंच वर धरायची आणि जवळपास दिसेल त्या बॉलला बॅट लावायची, कारण तिथे सोडणं म्हणजे अंपायरच्या हातात आपला निर्णय देणं. आपल्याकडे ऑफ स्टंपबाहेरचा सोडला की टाळ्या मिळतात ना, इथे तसा सोडलेला बॉल तिसरा स्ट्राइक निघाला की बॅटर तसाच परत डगआऊटमध्ये. मी माझ्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, बॅट फिरवून आऊट झालात तर मी टाळी देणार. आणि देतोच, आई शप्पथ प्रत्येक वेळी देतो, नाहीतर त्या सांगण्याला किंमत राहत नाही.

बॉलची भीती असेल तर ती वेगळी बघावी लागते. बघा, पिचरने बॉल सोडला की त्याचा पुढचा पाय कुठे पडतो? सरळ पिचरकडे पडण्याऐवजी मागे, तिसऱ्या बेसच्या बाजूला पडत असेल (उजवा बॅटर असेल तर), म्हणजे आपल्या भाषेत लेगला पळत असेल, तर त्याला बॉल लागण्याचा धसका आहे. हे लाजायचं काम नाही, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, क्रिकेटच्या सीझन बॉलपेक्षा जेमतेम हलका, लागला की कळवळायला होतं. "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही. त्याला बॉल लागून घ्यायला शिकवा. टेनिस बॉल घ्या, मुद्दाम अंगावर टाका, आणि शिकवा की हनुवटी छातीला, पुढचा खांदा आत, पाठ पिचरकडे वळवायची, बॅट खाली, बॉल पाठीच्या मांसावर घ्यायचा. बहुतेक मुलं घाबरून उलटं वळतात, छाती उघडी टाकतात, म्हणून वाईट लागतं. गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा होता, पहिले तीन आठवडे पाय बाहेर, डोळे बंद. आम्ही रोज प्रॅक्टिसच्या शेवटी पाच मिनिटं हा टेनिस बॉलचा खेळ ठेवला, सगळी मुलं रांगेत, ज्याने नीट वळून पाठीवर घेतला त्याला सगळ्यांनी ओरडून दाद द्यायची. चौथ्या आठवड्यात मॅचमध्ये त्याला खरोखरच बॉल लागला, त्याने वळून पाठीवर घेतला, बॅट ठेवली आणि पहिल्या बेसकडे जाताना तो हसत होता. त्यानंतर त्याचा पाय सरळ पडायला लागला, मी पायाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

प्रॅक्टिस किती? टीवर २५-३० स्विंग, पण प्रत्येकाआधी मागे हटून, श्वास घेऊन, पुन्हा उभं राहून. धडाधड शंभर मारले तर शेवटचे सत्तर दमलेल्या हातांचे असतात आणि शरीर तेच लक्षात ठेवतं. क्रिकेटमधून काही गोष्टी उपयोगी येतात, उघड्या हाताने झेल घेताना हात मागे नेण्याची सवय असलेली मुलं ग्लव्ह घातल्यावर फार छान पकडतात, त्यामुळे मिस्टरांनी कॅचेस जरूर द्यावेत, तिथे ते राजे आहेत. बॅटिंगमध्ये मात्र सरळ बॅट, खालचा हात हलका, बॉल जमिनीलगत, हे सगळं विसरायला लागतं, आणि लेट कट तर इथे फाउलच, म्हणजे मैदानाच्या हद्दीबाहेरच, जातो. सुट्टीच्या महिन्यांत त्याला पोहू दे, सॉकर खेळू दे, आणि चार घरची मुलं जमली तर खो-खो खेळवा. बेस रनिंगला लागणारं झटकन उठणं आणि पळता पळता दिशा बदलणं खो-खोइतकं कुठेच शिकायला मिळत नाही, माझ्या टीमची अमेरिकन पोरंही आता "खो" ओरडतात.

चूक झाल्यावर काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं, त्या क्षणी सुचत नाही. इथे केन रविझा म्हणून एक क्रीडा मानसशास्त्रज्ञ होते, कॅल स्टेट फुलर्टनच्या कॉलेज टीमबरोबर काम करायचे. २००४ मध्ये त्या टीमची सुरुवात १५ विजय आणि १६ पराभव अशी होती, तर त्यांच्या डगआऊटमध्ये एक खेळण्यातला छोटा टॉयलेट ठेवलेला असायचा, वाईट बॅटिंग झाली की खेळाडू येऊन त्याचा फ्लश दाबायचा आणि विषय संपला. त्या वर्षीची राष्ट्रीय चॅम्पियनशिप त्यांनीच जिंकली. मेजर लीगमध्ये खेळलेला एव्हान लाँगोरिया बॅटिंग करताना गडबडला की डाव्या बाजूच्या फाउल पोलकडे (मैदानाची हद्द दाखवणाऱ्या खांबाकडे) बघायचा, एक ठरलेली जागा, तिथे नजर गेली की श्वास आणि परत कामाला. तुमच्या मुलाला अशी एक जागा त्याची त्याने निवडू दे. माझ्या टीममधली एक मुलगी बॅटवरच्या एका ओरखड्याकडे बघते, एक जण हेल्मेट काढून परत घालतो. तुम्ही निवडून देऊ नका, तुम्ही दिलेली जागा म्हणजे अजून एक सूचना होते. रडू आलं तर रडू दे, फक्त पुढचा बॅटर उभा राहिला की कठड्याशी येऊन त्याच्यासाठी ओरडायचं, एवढा एक नियम मी पाळायला लावतो.

मेजर लीगमधला जपानी स्टार ओहतानी सगळ्या मुलांना आवडतो म्हणून त्याचंही सांगतो. हायस्कूलच्या पहिल्या वर्षी त्याने कोचच्या सांगण्यावरून एक मोठा तक्ता भरला होता, मध्ये ध्येय, भोवती आठ गोष्टी, प्रत्येकीभोवती अजून आठ. त्यात बॉलचा वेग होता, शरीर कमावणं होतं, आणि नशीब या चौकोनाभोवती काय लिहिलं होतं तर कचरा उचलणं, लोकांना नमस्कार करणं, खोली साफ ठेवणं, सामान जपणं, अंपायरशी नीट वागणं. तुमच्या मुलाला एवढा मोठा तक्ता नको, पण आपली बॅग आपण भरणं आणि आपणच उचलणं हे उद्यापासून सुरू करता येईल. ज्या मुलाची बॅग आई उचलते त्याच्या बॅटिंगचं ओझंही त्याला वाटतं की आईबाबांचंच आहे.

मिस्टरांसाठी दोन ओळी, रागावू नये. मॅच चालू असताना स्टँडमधून "कोपर वर", "मागे बघ", "अरे मार ना" हे मराठीत ओरडणं बंद. आपल्याला वाटतं इतरांना कळत नाही, पण ज्याला कळायला नको त्यालाच नेमकं कळतं. कोच इंग्रजीत एक सांगतोय, बाबा मराठीत दुसरं, आणि बॉल अर्ध्या सेकंदात येतोय. आणि परत येताना गाडीत बेसबॉलचा विषय त्याने काढल्याशिवाय काढायचा नाही. "भूक लागली का, काय खायचं" एवढं पुरे. माझ्या स्वतःच्या मुलाशी मी हे फार उशिरा शिकलो, तो १३ व्या वर्षी म्हणाला की मला मॅच आवडते पण घरी येतानाची वीस मिनिटं नको वाटतात. त्या दिवशी गाडी चालवताना मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

तुम्ही मध्येच हेही लिहिलंय की कोचने त्याला दोन मॅच राइट फील्डला, म्हणजे लांब उजव्या बाजूला जिथे बॉल कमी येतो तिथे, आणि बॅटिंगला नवव्या म्हणजे शेवटच्या नंबरवर टाकलं आणि घरात सगळ्यांना तो अपमान वाटला. असं बघू नका. राइट फील्डरचं काम फक्त बॉलची वाट बघणं नाही. इनफिल्डमधून पहिल्या बेसला बॉल फेकला जातो तेव्हा दर वेळी त्याने धावत पहिल्या बेसच्या मागे जायचं असतं, बॉल सुटलाच तर अडवायला. मॅचमध्ये पंधरा-वीस वेळा पळायचं आणि एकदाही बॉल येत नाही. एका सीझनला आमच्याकडे एक पोरगा होता तो एकही वेळ न चुकवता पळायचा, कुणी बघत नसलं तरी. शेवटच्या मॅचमध्ये थ्रो खरंच सुटला, रनर दुसऱ्या बेसकडे निघाला आणि हा तिथे आधीच उभा होता, बॉल उचलला, फेकला, आऊट. सगळी टीम त्याच्या अंगावर. तुमच्या मुलाला विचारा की तो पळतो का, पळत असेल तर त्याला नाव घेऊन सांगा की मला दिसलं.

धाकट्या मुलीचं विचारलंत, तिलाही घाला की. १९७४ पासून लिटल लीगमध्ये मुली खेळतात, २०१४ च्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये मोने डेव्हिस या मुलीने एका मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही रन करू दिला नाही, १३ वर्षांची होती. सॉफ्टबॉलच हवा असं काही नाही, तिला काय आवडतं ते बघा.

फॉल बॉलबद्दल, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सीझनबद्दल, माझं मत, डॉक्टरांनी परवानगी दिली तर सप्टेंबरमध्ये खेळू दे पण पिचिंग आणि कॅचिंग नको, सेकंड बेस किंवा आऊटफिल्ड, आणि गणपतीचा वीकेंड आला तर मॅच सोडून आरतीला न्या, कोचला आधी सांगितलं की कोणी काही म्हणत नाही. ऑक्टोबर संपला की बॉल फेकणं पूर्ण बंद ते थेट मार्चपर्यंत, मंडळाच्या गुढीपाडव्याच्या आसपास स्प्रिंग सीझन सुरू होतो तेव्हा आधी आठवडाभर नुसतं पळणं, मग २० फुटांवरून हलकं फेकणं, मग हळूहळू अंतर वाढवत न्यायचं, पिचिंग सगळ्यात शेवटी. आणि ग्लव्ह ठेवताना त्याला स्वतःला बसवा, फडक्यावर थेंबभर ग्लव्हचं तेल घेऊन खिशाच्या भागाला आणि बोटांच्या मधे चोळायचं, जास्त नाही नाहीतर जड होतो, मग बॉल आत ठेवून वरून दोन जाड रबर बँड लावायचे आणि कपाटात कोरड्या जागी ठेवायचा. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र मला नक्की कळवा.